उर्फ

अभिलेखागारातली बाई पांढरे हातमोजे देते
आणि शिसपेन. शाई आत न्यायची नाही.
तीस हिवाळे मी रस्त्यांवरचा बर्फ ढकलला,
हे हात असल्या पानांसाठी घडलेले नाहीत.
तरी उलटतो.

वाटलं होतं, एक आडनाव धरायचं
आणि मागे मागे जायचं,
हिमवादळात दोर धरून गोठ्यापर्यंत जातात तसं.
इथे दोरच जागोजाग उसवलेला.

'मात्युरँ देरोश उर्फ सांशाग्रँ.
शिपाई. ला रोशेलहून आला. सही येत नाही.'
सांशाग्रँ, म्हणजे बिनघोर.
पलटणीत प्रत्येकाला चिकटायचं असं काहीतरी,
कुणी फुलासारखा, कुणी डोंगरफोड्या,
कप्तानाला हाक मारायला सोपं म्हणून,
किंवा खऱ्या नावाच्या मागावर
समुद्र ओलांडून कुणी येऊ नये म्हणून.
या बिनघोर माणसाला अकरा पोरं झाली.
सहा त्याने पुरली.

मुलगी झाली की मारी, मुलगा झाला की जोझेफ,
ते देवाच्या दप्तरासाठी.
मग धर्मपित्याचं. मग शेवटी, दमून, हाकेचं.
माझंही तसंच आहे, जोझेफ रोसेर लिओनेल.
एकदा दवाखान्यात नर्स 'जोझेफ, जोझेफ' करत राहिली
आणि मी शेजाऱ्यांकडे बघत बसलो.

झेनव्हिएव, नऊ दिवस.
झेनव्हिएव, दोन हिवाळे.
झेनव्हिएव, एक्याऐंशी वर्षं.
थोरलीचे झगे धाकटीला व्हावेत तसं नाव,
चांगलं होतं, वाया कशाला घालवा.
तिन्हीसांजेला आईची हाक आली की
ही तिसरी ओ देण्याआधी थबकायची का कधी,
त्या दोघी देतायत का ते ऐकायला?

पुढे दोन नातू, झाँ-बातिस्त आणि पिएर.
त्यांनी जमीन वाटली,
नदीपासून जंगलापर्यंत रिबिनीसारखी, उभी चिरून.
नावही वाटून घेतलं.
एकाने देरोश ठेवलं, दुसऱ्याने नुसतं उर्फ.

इथे मी शिसपेन खाली ठेवली.
आमच्या कुंपणापलीकडे ओनेझिम सांशाग्रँ राहायचा.
एका मेपलच्या झाडावरून बाबा त्याच्याशी
अडतीस वर्षं बोलले नाहीत.
तो गेला तेव्हा बाबांनी खिडकीचा पडदा लावला,
आणि त्या दिवशी जेवले नाहीत.
परवा त्याच्या विधवेला हे सांगितलं,
तर बटाटे सोलता सोलता म्हणाली,
'कान सारखेच होते की रे दोघांचे.'

एक रीत मात्र मला आवडली होती.
बायका इथे माहेरच्या नावाने पुरल्या जात.
चौदा बाळंतपणं होवोत, दोन नवरे होवोत,
बापाचं नाव आणि बापाचं उर्फ शेवटच्या ओळीपर्यंत सोबत.
म्हणून त्या दोन भावांच्या आईचं पान काढलं,
म्हटलं, हिचा बाप सापडेल, त्याचं गाव सापडेल.

'मारी. रानटी बाई.
वय अदमासे तीस.
निकोला देरोशची पत्नी.'
आणि माहेरच्या जागी
पाद्रीबाबांनी मारलेली एक रेघ.
नीट, पट्टी लावून.

ती जहाजातून आली नव्हती.
ती इथेच होती.
या नदीला तिच्या घरात काहीतरी म्हणत असतील.
तिलाही.
सात पिढ्या आम्ही दोन दोन नावं बाळगली,
भांडायला पुरतील इतकी.

बंद व्हायची घंटा झाली तरी
माझं बोट त्या रेघेवरच होतं.
बाई काही बोलली नाही. दिवे एकेक मालवत गेली.

घरी येताना नदीकाठच्या रस्त्याने
सगळ्यांची नावं मोठ्याने म्हटली,
उर्फांसकट, मेलेल्या झेनव्हिएवांसकट.
तिच्यापाशी आलो.
मारी म्हणवेना.
काचेवर बर्फ भुरभुरत होता,
वायपर जात होता, येत होता.